म्हाताऱ्या मांजरीची नखं

मांजराची नखं कापायची म्हटलं की आमच्या गावात लोक चमकतात. सासूबाई तर सरळच म्हणाल्या, "नखं कापले तं थे उंदरं कशे धरन वं?" तरण्या मांजराबद्दल त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. आमचा बोका रात्रभर वावरात नाहीतर कवेलूंवर असतो, कुत्रं मागं लागलं की कडुनिंबावर चढतो. त्याच्या नखांना मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. खोड ओरबाडताना त्याच्या नखांवरचा जुना थर आपोआप गळतो. निंबाच्या बुडाशी झाडताना ती पोकळ टरफलं मला सापडतात.

आमच्या मांजरीचं, पिंगीचं, तसं नाही. ती म्हातारी झाली आहे, चढताना अंग आखडतं, त्यामुळे झाड सुटलं आणि ओरबाडणंही सुटलं. मग जुना थर गळत नाही, नख जाड होतं, विळ्यासारखं वळत जातं आणि शेवटी स्वतःच्याच तळव्याच्या गादीत रुततं. मी घरी ब्लाउज शिवते, ती मशीनजवळच्या कापडाच्या ढिगावर झोपते. उठताना तिचं नख अस्तरात अडकायला लागलं, तेव्हा मी पंजे उलटून पाहिले. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जरा वर, अंगठ्यासारखं एक नख असतं. ते जमिनीला टेकतच नाही, म्हणून झिजत नाही. तेच गादीला जाऊन भिडलं होतं. मांजराला पुढच्या पायांत पाच-पाच आणि मागच्या पायांत चार-चार, अशी साधारण 18 नखं असतात. म्हाताऱ्या मांजराची बाकी पाहिली नाहीत तरी ही आतली दोन जरूर पाहा. नख गादीत घुसलं असेल, पू किंवा रक्त दिसत असेल, तर घरी ओढून काढू नका. सरळ ढोराच्या दवाखान्यात न्या.

नख कापण्याआधी मांजराला पंजा धरू देण्याची सवय लावावी लागते. कित्येक दिवस मी कैची हातात घेतलीच नाही. पिंगी बंगईखाली पेंगत असली की नुसता पंजा धरायचा, बोट हळूच दाबायचं, नख बाहेर आलं की सोडायचं आणि सुकटाचा एक तुकडा द्यायचा. बाजारातला सुकट खारट असतो, म्हणून तो आधी धुऊन घेते. तिनं पंजा ओढणं थांबवलं तेव्हाच कापायला घेतलं.

वेळ दुपारची, तिचं पोट भरल्यावरची. जागा ओसरीच्या टोकाची, जिथं उजेड चांगला पडतो. अंगाभोवती जुन्या सुती लुगड्याचा तुकडा सैल गुंडाळते, एकच पंजा बाहेर. अंगठा वर आणि बोट खाली गादीवर ठेवून हलकं दाबलं की नख पुढं येतं. पांढऱ्या नखात उजेडाकडं पाहिलं की मुळाशी गुलाबी भाग दिसतो. तिथं रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही असतात, म्हणून तिथं कापलं की रक्तही येतं आणि दुखतंही फार. गुलाबीच्या बरंच पुढं, फक्त अणकुचीदार टोक कापायचं. नख काळपट असेल आणि आतलं दिसत नसेल तर अगदी टोकच. कैचीची पाती नखाच्या वर-खाली येतील अशी धरावीत. डाव्या-उजव्या बाजूंनी दाबलं तर नख चिरफाळतं. पातळ नखाला आपला धारदार नेलकटर चालतो, पण म्हातारपणीच्या जाड नखाला जनावरांसाठी मिळणारी छोटी कैचीच बरी. बोथट हत्यार अजिबात नको.

शेपटी आपटायला लागली, कान मागं गेले, की सोडून द्यायचं. एका बसण्यात दोनच नखं झाली तरी चालतात, उरलेली उद्या. मानगूट धरून, दोघांनी दाबून धरून सगळी उरकण्याचा प्रकार मला मुळीच पटत नाही. मांजर तो धाक विसरत नाही, पुढच्या वेळी जवळही येत नाही.

तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर हाताशी ठेवावं. रक्त आलंच तर नखाच्या टोकाला पूड लावून स्वच्छ कापडानं काही मिनिटं दाबून धरायचं. थांबलं नाही तर डॉक्टर. डेटॉल लावू नका. मांजर पंजा चाटतं आणि ते तिच्यासाठी विष आहे. दुखतं म्हणून आपल्या घरातली पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. मांजराच्या शरीरात ती पचवण्याची सोय नाही, एका गोळीनंही जीव जाऊ शकतो.

आणि तुम्हालाच ओरखडा बसला तर? मिरची, चुना, हळद काही नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. बाहेर फिरणाऱ्या मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो, लस लागेल का ते तिथं सांगतील.

पिंगीची नखं आता दर दोन-तीन आठवड्यांनी पाहते, वाढली असतील तरच कापते. बोक्याची पिल्लं शेजारच्या काकूंकडं आहेत. त्यांचे पंजे आतापासूनच रोज हातात घेत जा, असं मी काकूंना सांगितलं आहे. कापायचं काहीच नाही, नुसते धरायचे.