तुम्ही विचारलंत म्हणून: बंदूक ठेवायला मोकळीक, मग माणसं आत कशी?

सांगलीला गेले की मामा हमखास विचारतो. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस, त्यामुळे प्रश्नही कागदी असतो. "काय गं, तुमच्या तिकडं अमेरिकेत बंदूक हा हक्क आहे म्हणतात. मग बंदूक सापडली म्हणून माणसं आत कशी जातात?" हाच प्रश्न थोड्या फरकाने तुमच्यापैकी अनेकांनी विचारला आहे.

माझं उत्तर असतं, "ते तिथल्या सरकारी वकिलावर आहे." मामाला हे पटत नाही. "वकील काय करणार? पोलीस कागद आणून देतात, तो उभा राहतो."

त्याच्या अनुभवात ते खरंच आहे. आपल्याकडे दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाला कोर्टाची परवानगी लागते. विनापरवाना हत्यार बाळगल्याबद्दल १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३ खाली खटला भरायचा तर कलम ३९ प्रमाणे आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याची मंजुरी हवी. म्हणजे किल्ली कलेक्टरसाहेबांकडे. ती किल्ली अमेरिकेत वकिलाच्या खिशात असते, एवढं सांगितलं की मामा थोडा नरमतो.

अमेरिकेत स्थानिक सरकारी वकिलांची सुमारे २,३०० कार्यालयं आहेत. बहुतेक राज्यांत हा वकील चक्क निवडून येतो. लोकांच्या अंगणात त्याच्या नावाच्या पाट्या लागतात. पोलीस अटक करतात, पण कोणतं कलम लावायचं, लावायचं की नाही, तडजोड किती वर्षांवर करायची, हे तो ठरवतो. मी राहते त्या न्यू जर्सीत मात्र निवडणूक नाही. २१ काउंट्या, म्हणजे जिल्हे, आणि प्रत्येकीचा मुख्य वकील गव्हर्नर नेमतो, राज्याच्या सिनेटच्या संमतीने, पाच वर्षांसाठी.

हे कागदावरचं ज्ञान मला कधीही मिळवता आलं असतं. समजलं मात्र ग्रँड ज्युरीचं, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, बोलावणं आल्यावर. आत काय ऐकलं ते सांगायचं नाही अशी शपथ आहे, म्हणून फक्त खोली सांगते. आम्ही २३ जण. न्यायाधीश नाही. आरोपीचा वकील नाही. समोर सहायक सरकारी वकीलबाई, त्यांनी बोलावलेला साक्षीदार, आणि त्यांनीच वाचून दाखवलेला कायदा. बारा मतं पडली की आरोप पक्का. पहिल्या दिवशी मी वहीत प्रश्न लिहून घेत होते. तिसऱ्या आठवड्यात वही पिशवीतच राहिली. कोणी खोटं बोलत होतं असं नाही. पण ज्या बाजूचं कोणी खोलीतच नाही, त्या बाजूचा प्रश्न सुचायलाही जरा जोर लावावा लागतो.

आता बंदुकीकडे येते. मामाला मी दरवेळी अटलांटिक काउंटीची गोष्ट सांगते.

ऑक्टोबर २०१३. फिलाडेल्फियाची एक तरुण आई, पदरात दोन मुलं, नवऱ्याचा आधार नाही. वर्षभरात दोनदा लुटली गेली म्हणून तिने पिस्तूल घेतलं, आणि ते बाळगण्याचा पेनसिल्व्हेनियाचा परवानाही. ती गाडीने डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत आली. लेन बदलताना चूक झाली म्हणून पोलिसाने थांबवलं, तेव्हा तिने आपणहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा परवाना. तिला वाटलं, ड्रायव्हिंग लायसन्स चालतं तसा हाही चालेल. चालत नाही. न्यू जर्सी दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. इथे १९८१ चा ग्रेव्हज कायदा आहे. त्यात बेकायदा पिस्तूल बाळगल्याबद्दल तुरुंगवास ठरलेला, आणि तिच्या अटकेच्या जेमतेम दोन महिने आधी पॅरोलशिवायची किमान मुदत तीन वर्षांवरून साडेतीन वर्षांवर नेली होती.

किमान शिक्षा ठरलेली म्हणजे न्यायाधीशाचे हात बांधलेले. पण कायद्यात एक फट आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि ही शिक्षा न्यायाला धरून नाही असं वाटलं, तर ती सौम्य करा असा अर्ज वरिष्ठ न्यायाधीशाकडे करता येतो. कोणी करायचा? सरकारी वकिलाने. दुसरी वाट प्रीट्रायल इंटरव्हेन्शनची: ठरावीक काळ देखरेखीखाली नीट वागा, आरोप रद्द होतील. तिथेही सरकारी वकिलाची संमती लागते. काउंटीचे वकील जिम मॅक्लेन यांनी तिला ती नाकारली. त्याच सुमारास, त्याच कार्यालयाने फुटबॉलपटू रे राइस याला ती दिली. अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत लिफ्टमध्ये त्याने होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध पाडलं होतं. दोन्ही बातम्या एकाच तालुक्याच्या असाव्यात तशा शेजारी शेजारी आल्या, आणि लोक भडकले. सप्टेंबर २०१४ मध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, अशा परराज्यातल्या परवानाधारकांसाठी सूचना काढल्या, मॅक्लेननी निर्णय फिरवला, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टींनी तिला माफी दिली. या सगळ्या काळात ग्रेव्हज कायद्याचा एक शब्द बदलला नव्हता. तिने मात्र महिन्याहून जास्त दिवस कोठडीत काढले होते.

हे ऐकून मामा म्हणतो, "मग काढून घ्या की तो अधिकार." तिथे मी अडखळते, कारण मला मिशिगन आठवतं.

३० नोव्हेंबर २०२१, ऑक्सफर्ड हायस्कूल. पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी आणलेलं. त्या सकाळी शाळेने आईबापांना बोलावून मुलाने काढलेलं चित्र दाखवलं होतं; त्यांनी त्याला घरी नेलं नाही. घरात बंदूक कुलपात ठेवा असा कायदा तेव्हा मिशिगनमध्ये नव्हता. तो लागू झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे त्या नावाचं कलमच नाही. ओकलंड काउंटीच्या वकील कॅरन मॅक्डोनल्ड यांनी जुनं सदोष मनुष्यवधाचं कलम काढलं आणि आईबापांवर लावलं. दोघांवर वेगवेगळे खटले चालले, दोघेही दोषी ठरले आणि एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या अशा हत्याकांडासाठी आईबाप दोषी ठरण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ. मला ते योग्य वाटलं. मॅक्लेनचा हट्ट अयोग्य वाटला. पण अधिकार दोघांचा एकच होता, आणि माझ्या बाजूने वापरला की मला तो आवडतो, हे मामाने माझ्या तोंडावर सांगितलं.

नदीपलीकडे फिलाडेल्फियात वकील निवडून येतो, तर भांडण वेगळं. तिथले वकील लॅरी क्रॅस्नर बंदुकीचे खटले सौम्यपणे हाताळतात अशी ओरड झाली, तेव्हा २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने बंदुकीच्या काही खटल्यांचा अधिकार अॅटर्नी जनरललाही दिला, तोही फक्त फिलाडेल्फियापुरता. शहराने ज्याला निवडलं, त्याच्यावर राज्याने माणूस बसवला.

"आणि हक्काचं काय?" हा प्रश्न राहतोच. २०२२ च्या ब्रूएन निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बंदूक बाहेर बाळगण्याच्या परवान्यासाठी खास गरज दाखवायला लावणं घटनेत बसत नाही. न्यू जर्सीतही तशी अट होती, ती दुसऱ्याच दिवशी थांबवली. पण परवाना लागतोच, आणि तो न्यू जर्सीचाच. नवऱ्याचा एक सहकारी पेनसिल्व्हेनियातून फराळाला येतो, त्याला मी दर दिवाळीत बजावते: पिस्तूल घरी ठेवून ये.

गेल्या वेळी निघताना मामाने शेवटचा प्रश्न विचारला. "एवढं सगळं त्याच्या हातात, तर तुझ्या जिल्ह्याचा वकील कोण आहे सध्या?"

त्या खोलीतल्या वकीलबाईंचा चेहरा मला आठवत होता. त्यांच्या साहेबांचं नाव काही सांगता आलं नाही.