तुम्ही विचारलंत म्हणून: पुरानंतरचं आमचं घर

"पुरानंतर तुमच्या घरातली माणसं एकमेकांच्या आणखी जवळ आली असतील ना?" नाशिकला शिकायला आल्यापासून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला. चाळीसगावकडची म्हटलं की २०२१ चा पूर निघतोच. विचारणारे मायेनं विचारतात, म्हणून मी "हो" म्हणून मोकळी व्हायचे. आज नीट सांगते.

३० ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. त्या रात्री डोंगरात पाऊस असा कोसळला की कन्नड घाटात दरडी आल्या आणि ३१ तारखेला तितूर, डोंगरी दोन्ही नद्या चाळीसगावात शिरल्या. आमचं गाव तितूरच्या काठचं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून माझे वडील, नाना, विळ्यानं बैलांची दावी कापत होते आणि मी बॅटरी धरली होती. हात थरथरत होता. उजेड मी अलीकडच्या बैलावर धरला, त्याचं दावं आधी तुटलं. तो वर आला. पलीकडचा गेला. तो माझ्या धाकट्या भावाचा जीव की प्राण होता, त्याच्या हातूनच वैरण खायचा. तालुक्यात अशी शेकडो जनावरं गेली, आणि पोळा आठवड्यावर आला होता.

पाणी उतरल्यावर नाना ओट्यावरच्या गाळातच बसले. समोर कपाशीचं रान खरडून गेलेलं, खालचा मुरूम उघडा पडलेला. माझ्याकडे बघून म्हणाले, "आते काय करानं वं माय?"

आमच्याकडे बाप लेकीला लाडानं माय म्हणतोच. पण त्या दिवशी ते खरोखर विचारत होते. मी सतरा वर्षांची, बारावीला. तोवर घरात भाजी कोणती करायची हेही मला कुणी विचारत नव्हतं. मग पंचनाम्याला तलाठ्यांशी बोलायला मी, बँकेत मी. आईनं सातबारा आणि माझी दहावीची गुणपत्रिका कोमट तव्यावर एकेक करून वाळवली आणि ती पिशवीही माझ्याच हातात दिली. नाना माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलायला लागले, आणि मला ते फार आवडलं.

संकटातून गेल्यावर माणसात होणाऱ्या अशा चांगल्या बदलाला मानसशास्त्रात 'आघातानंतरची वाढ' म्हणतात. टेडेस्की आणि कॅल्हून या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये ती मोजायला २१ विधानांची प्रश्नावली केली. माणसांशी जवळीक वाढणं हा तिच्यातला एक भाग. कॉलेजात ते वाचताना मला नाना दिसले. पण लगेच भाऊही दिसला.

तो बारा वर्षांचा. ढग वाजले की दप्तर उशाशी घेऊन, पायात चपला घालून झोपायचा. नानांशी त्यानं बोलणंच टाकलं होतं. "त्यांनी माझा बैल सोडला नाही," एवढंच म्हणायचा. नातेवाईक यायचे, त्याला रागवायचे, मला म्हणायचे, "किती समजूतदार पोर!" कळकळीनं सांगते, अशा घरातल्या मोठ्या मुलीला हे म्हणू नका. त्या एका शब्दापायी मी वर्षभर गप्प राहिले. उजेड मी धरला होता, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढं कळलं की आपण समजूतदार उरणार नाही, असं वाटायचं. भावाचा राग मी नानांवर पडू दिला.

पुढच्या पोळ्याला एकच बैल होता. नाना त्याच्या शिंगांना रंग देत होते, भाऊ लांब खांबाला टेकून उभा. मला राहवलं नाही. म्हटलं, "बॅटरी माझ्या हातात होती. मी पलीकडं धरलीच नाही."

नानांचा हात थांबला. माझ्याकडे न बघता, भावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "विळा मना हातमा व्हता."

मग ते पुन्हा रंग द्यायला लागले. थोड्या वेळानं भाऊ आला आणि त्यानं दुसरं शिंग धरलं.