शेवटचा हात वर होईपर्यंत

घाटावरून कोकणात रुजू झालेले शिक्षणसेवक पहिल्या महिन्यात मला बहुधा एकच गोष्ट विचारतात, "बाई, मुलं ऐकतच नाहीत, काय करू?" त्यांचा बसलेला घसाच पुढची हकिकत सांगतो. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की दुसऱ्या रांगेपर्यंतही शब्द पोचत नाही. शिक्षक आवाज चढवतात, मुले त्याहून चढवतात.

मी त्यांना आधी खूण ठरवायला सांगते. शिक्षकाने न बोलता उजवा हात वर करायचा, ज्याला दिसेल त्याने बोलणे थांबवून आपलाही हात वर करायचा, आणि पहिला आठवडा रोज दोन-तीनदा याचा सराव करायचा. यात एकच पथ्य आहे, पण नेमके तेच पाळले जात नाही: शेवटचा हात वर होईपर्यंत शिकवायला सुरुवात करायची नाही. दोघे-तिघे बोलत असताना आपण फळ्याकडे वळलो, की या खुणेला अर्थ नाही हे मुलांना त्याच दिवशी कळते.

मुले न ऐकण्याचे दुसरे कारण कामाच्या वाटणीत असते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे वाडीवरच्या शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. तिसरीला भागाकार समजावत असताना दुसरीच्या हाताला काम नसेल, तर तिथे खोड्या होणारच. अशा वेळी मुलांना रागावण्यापूर्वी आपले टाचण, म्हणजे पाठाची आखणी, पुन्हा पाहावे.

माझ्या हातून घडलेली एक चूक मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते. दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका शाळेत, ऑगस्टच्या सुरुवातीला, चौथीतला एक मुलगा पहिल्याच तासाला डोके टेकून झोपला होता. मी त्याला सगळ्यांसमोर उभे केले आणि चांगलेच सुनावले. तो काहीच बोलला नाही. फक्त दोन्ही हात पाठीमागे लपवून उभा राहिला. मधल्या सुट्टीत जवळ बसवले, तेव्हा त्याच्या बोटांच्या पेरांत अडकलेले खवले दिसले. जून-जुलैची मासेमारीबंदी उठून होड्या समुद्रात गेल्या होत्या आणि तो पहाटेपासून आईबरोबर बंदरावर मासळी निवडत होता. तेव्हापासून मुलाला जे काही विचारायचे ते बाजूला घेऊन, हळू आवाजात आणि "का केलंस?" ऐवजी "काय झालं?" असे विचारायचे, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. यामुळे आपले हात बांधले गेले, असे काही तरुणांना मनापासून वाटते. मला ते पटत नाही. ज्याने पाणी सांडले त्याने पुसावे, ज्याने दुसऱ्याची वही फाडली त्याने ती पाने पुन्हा लिहून द्यावीत. चुकीशी जोडलेली अशी भरपाई मुलांना न्याय्य वाटते, आणि ती छडीपेक्षा जास्त काळ टिकते.

बोलीचाही एक मुद्दा आहे. इथल्या अनेक घरांत आजी-आजोबांनाही एकेरीत हाक मारतात, त्यामुळे पहिलीतले मूल शिक्षकाला "तू" म्हणाले तर तो उर्मटपणा समजू नये.

आणि गणपतीच्या सुट्टीआधी प्रत्येक मुलाच्या घरी एकदा जाऊन यावे, शक्यतो त्याच्याविरुद्ध कसलीही तक्रार नसताना.