स्वप्नवही: विचित्र गोष्ट सोडा, सबब पकडा

स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं ओळखायचं, म्हणजे ल्युसिड व्हायचं, हा माझा नाद. त्यासाठी 'खुणा' शोधायचं तंत्र आता नेटानं सुरू करतोय, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. वहीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या विचित्र गोष्टींची यादी करायची, दिवसा त्यातली एखादी दिसली की हाताची बोटं मोजायची, नाक दाबून श्वास घेऊन बघायचा, आणि एक दिवस स्वप्नातही हात आपोआप नाकाकडे जाईल याची वाट बघायची. माझ्या यादीत सगळ्यात वर होतं पाणी. नळाला अवेळी आलेलं पाणी.

सोलापूरकरांनी हसू नये. इथे चार-पाच दिवसांच्या खाड्यानं पाणी येतं, कधी भर दुपारी, कधी रात्री दोनला. नळ फुसफुसायला लागला की अख्खी गल्ली उठून बसते. अशा गावात 'रात्री दोनला पाणी आलं' ही स्वप्नाची खूण कशी ठरणार? एकदा खऱ्याखुऱ्या रात्री मी बादलीशेजारी नाक दाबून उभा होतो, तर आई म्हणाली, "नाटकं नंतर कर, आधी मोटार लाव."

नाक दाबायचं तंत्र वाईट नाही. रेम झोपेत, म्हणजे पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेत, डोळे आणि श्वासपटल सोडलं तर शरीराचे बहुतेक स्नायू ढिले पडलेले असतात. स्वप्नातला हात स्वप्नातलं नाक दाबतो, खऱ्या नाकातून श्वास चालूच राहतो, आणि दाबलेल्या नाकातून हवा येते म्हणून माणूस दचकतो. पण ते करायची आठवण स्वप्नात व्हायला आधी शंका यावी लागते. माझी गाडी तिथेच अडली होती. शंका येतच नव्हती. का येत नव्हती, ते मे महिन्यातल्या या नोंदीनं दाखवलं. वहीत आहे तशी देतो:

*नळाला पाणी आलं. पाणी नाही, सूत येतंय. पांढरं, दोन-विसाचं. मी पिंपात भरतोय. झाकण बसत नाही याची काळजी. आई म्हणते, उन्हाळ्यात सुताचाच दिवस असतो, पाणी श्रावणात. बरोबर आहे. शेजारच्यांना एक बादली सूत दिलं.*

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, त्यामुळे सूत आणि त्याचा 'दोन-विसाचं' हा नंबर कुठून आला हे कोडं नाही. मला खिळवून ठेवलं ते 'बरोबर आहे' या दोन शब्दांआधीच्या वाक्यानं. नळातून सूत येणं ही विचित्र गोष्ट एकटी आलीच नव्हती. येताना आपली सबब सोबत घेऊन आली होती. मग मागच्या वह्या काढून नुसत्या सबबींखाली पेन्सिलीनं रेघा मारत बसलो. जवळजवळ प्रत्येक लांब नोंदीत एक तरी सापडली. घराला तिसरा मजला आहे, कारण तो भाडेकरूंनी येताना आणला. शाळेतल्या परीक्षेला आत्ता बसायचंय, कारण तेव्हा निकाल तात्पुरता लागला होता. वारलेले आजोबा जेवायला बसलेत, कारण त्यांची रजा मंजूर झाली.

आपल्यातले बरेच जण 'स्वप्नाला तर्क नसतो' असं म्हणतात, ते मला आता पटत नाही. तर्क भरपूर असतो. तपासणारा नसतो. १९९० च्या दशकात झोपलेल्या माणसांच्या मेंदूची पेट स्कॅन झाली. त्यात रेम झोपेच्या वेळी भावनांशी आणि दृश्यांशी संबंधित भाग जोरात चाललेले दिसले, आणि कपाळामागचा, निर्णय आणि पडताळणीचा भाग थंडावलेला. कारखान्यात माल सुटत राहिला आणि चेकर घरी झोपला तर जे होईल, तेच.

पण सबब सांगणारा कोण? इथे मला स्वप्नांशी थेट संबंध नसलेला एक प्रयोग कामी आला. फिट्स आटोक्यात याव्यात म्हणून अमेरिकेत काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पूल शस्त्रक्रियेनं कापला गेला होता. १९७० च्या दशकात मेंदूचे अभ्यासक मायकेल गॅझनिगा आणि जोसेफ लदू यांनी अशा एका तरुणाच्या डाव्या, बोलणाऱ्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फ साचलेलं घर. समोरच्या चित्रांतून जुळणारं निवड म्हटल्यावर उजव्या हातानं कोंबडी निवडली, आणि उजव्या अर्धगोलाच्या ताब्यातल्या डाव्या हातानं बर्फ उपसायचं फावडं. फावडं का, असं विचारलं. बोलणाऱ्या अर्धगोलानं बर्फ पाहिलाच नव्हता. तरी 'माहीत नाही' म्हणाला नाही तो. म्हणाला, कोंबडीच्या पायाला कोंबडी, आणि खुराडं साफ करायला फावडं. हे वाचलं आणि मला आईचं 'पाणी श्रावणात' आठवलं. तोच आत्मविश्वास.

बृहदारण्यक उपनिषदात म्हटलंय की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, ते सगळं स्वप्न पाहणारा स्वतः निर्माण करतो. माझी भर एवढीच की रथाला परवाना कुठून मिळाला, तेही तोच सांगून मोकळा होतो.

मे-जूनबद्दल थोडक्यात. गच्चीवर झोपलो. आकडे जमवायच्या दृष्टीनं हा काळ फसवा. उकाड्यानं सारखी जाग येते, आणि जाग आली की हातातलं स्वप्न लक्षात राहतं, म्हणून वही भराभर भरते. पण रेम झोपेत शरीराचं तापमान सांभाळणं मंदावतं, आणि फार उकडलं की ती झोपच तुटते. नोंदी पुष्कळ, पण तुकड्यातुकड्यांच्या. पाऊस पडून हवा गार झाल्यावर नोंदी कमी आणि लांब झाल्या. आई म्हणते पहाटेचं स्वप्न खरं होतं. खरं होण्याचं खातं तिच्याकडे. लक्षात राहतं ते मात्र पहाटेचंच, कारण रात्र सरत जाते तशी रेमची पाळी लांबत जाते आणि आपण थेट तिच्यातून उठतो.

जुलैतली एक नोंद भाषेसाठी सांगतो. मी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये, सोबत सिद्धेश्वरांच्या गड्ड्यातला, म्हणजे जत्रेतला, नंदीध्वज. एवढी उंच काठी डब्यात कशी मावली, हा प्रश्न नाही. टीसी तिचं तिकीट मागतोय. मी म्हणतो, काठी उभी राहते, तिला सीट लागत नाही. तो म्हणतो, मग वेटिंग लागेल. आणि हे सगळं तेलुगूत. मला तेलुगू येतं ते शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात भाजी घेण्यापुरतं. स्वप्नात मी घडाघडा बोलत होतो आणि त्याचं प्रत्येक वाक्य मला कळत होतं. जाग आल्या आल्या त्याचं शेवटचं वाक्य ऐकू आलं तसं देवनागरीत लिहून ठेवलं आणि सकाळी कारखान्यातल्या पद्मशाली दोस्ताला वाचून दाखवलं. तो दोनदा ऐकून म्हणाला, "हे तेलुगू नाही बे. कन्नडपण नाही." म्हणजे कळल्याची भावना आधी आली होती. कळण्यासारखं काही आलंच नव्हतं. सबबीचंही असंच असणार: 'पटलं' आधी, कारण मागाहून, आणि कधीकधी कारणाच्या जागी नुसता आवाज.

याच दिवसांत तुकोबांचा स्वप्नोपदेशाचा अभंग पुन्हा वाचला. सद्गुरूंनी स्वप्नात येऊन मंत्र दिल्याचं त्यात आहे, आणि त्याच अभंगात, भोजनाला गुरूंनी पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नात त्याचा विसर पडला, असंही आहे. भक्तिभावाबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. पण वही ठेवणारा माणूस म्हणून सांगतो, ते तूप ही अस्सल नोंद आहे. रचून सांगणारा ते गाळून टाकेल. आपल्यापैकी जे नोंदी 'साफ' करून लिहितात त्यांनी तूप गाळू नये.

तर नवा प्रयोग असा. खुणांची यादी बंद. त्याऐवजी दिवसभर कुणीही, मी स्वतःसुद्धा, कशाचंही कारण दिलं की मनात एकच प्रश्न: 'हे कुणी सांगितलं?' रिक्षावाला म्हणतो पुढे रस्ता खोदलाय. हे कुणी सांगितलं? साहेब म्हणतात पार्टीचे पैसे सोमवारी. हे कुणी सांगितलं? (मनातच विचारायचं. एकदा तोंडातून निघालं आणि सोमवारचं प्रकरण तासभर चाललं.) रात्री पाचेक तास झोप झाल्यावर गजर, थोडा वेळ जागं राहून हाच प्रश्न घोळवायचा आणि परत झोपायचं. हा भाग ल्युसिडवाल्यांना नवा नाही. स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी आठवणीवर बेतलेलं जे तंत्र दिलं त्याचाच हा भाऊबंद, फक्त आठवायची गोष्ट वेगळी.

सप्टेंबरात फळ मिळालं. होटगी रोडनं स्कूटरवरून चाललोय, मागे आतेभाऊ. समोर साखर कारखान्याची चिमणी. विमानतळासाठी ती जून २०२३ मध्ये पाडली, पडताना आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. स्वप्नातही मला ते पक्कं ठाऊक होतं. पाडलेली चिमणी उभी आहे, यात काहीच अडलं नाही. आतेभाऊ म्हणाला, "शनिवारी उभी करतात बे, लोकांना अंदाज यावा म्हणून." मी 'हां' म्हणणार, तेवढ्यात तोंडातून निघालं, "हे तुला कुणी सांगितलं?"

उत्तर नाही. मागे वळून पाहिलं तर सीटवर टॉवेलचा गठ्ठा. आणि मग एकदम कळलं की मी झोपलोय.

उडायचं ठरलेलं होतं. उडलो नाही. जाग येऊ नये म्हणून तळहात एकमेकांवर घासले, मग शेजारची पाटी वाचली: होटगी ५ किमी. मान फिरवून पुन्हा वाचली: होटगी ५ किलो. लेखी मजकूर स्वप्नात टिकत नाही हे आपण सगळे जाणतोच. पण गंमत पुढे आहे. हे स्वप्न आहे हे ठाऊक असताना, बोटं मोजता मोजता, मी स्वतःशी म्हणालो, 'किलो बरोबर आहे, हा पार्सलचा रस्ता आहे.' आणि ते पटलंही. मग जाग आली. म्हणजे ल्युसिड झाल्यावर सबबी थांबतात असं नाही. स्वप्न ओळखणारा जागा होतो, कारणं पुरवणारा आपलं काम चालूच ठेवतो.

त्यानंतर वहीत एक रकाना वाढवलाय: सबब कुणाच्या तोंडची. आई, टीसी, आतेभाऊ यांनी सांगितलेली सबब पकडता येते, कारण समोर विचारायला माणूस असतो. आजोबांच्या रजेसारख्या काही मात्र कुणीच सांगत नाही. त्या आधीपासून माहीतच असतात, जशी आपली गल्ली माहीत असते. तिथे माझा प्रश्न चालत नाही, कारण विचारायचं कुणाला? सध्या मी दिवसा दुसरा प्रश्न घोळवतोय: 'हे मला कधीपासून माहीत आहे?' अजून स्वप्नात तो उगवलेला नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत रात्रीची झोप मोडतेच आणि पहाटे सलग डुलक्या मिळतात, तेव्हा दोन्ही प्रश्न आलटून पालटून लावून बघणार आहे. तोवर कुणी हा रकाना सुरू केला तर कुणीच न सांगितलेल्या सबबी वेगळ्या पानावर काढा. मला त्याच हव्या आहेत.