नाताळ, बिर्याणी आणि याकोबाचं पत्र

आज नाताळच्या जेवणात बिर्याणीपेक्षा वाद जास्त रंगला. काका नगरचे, पक्के प्रोटेस्टंट. दाजी वसईचे कॅथलिक. दाजी म्हणाले, "काका, नुसत्या विश्वासाने भागत नाही, हातून काही चांगलं घडायला नको?" काकांनी चमचा खाली ठेवून बायबलमधलं इफिसकरांस पत्र काढलंच, 2:8-9. तारण (पापातून सुटका) कृपेने, कर्मांनी नाही, ते देवाचं दान. दाजींकडे बायबलमधलंच याकोबाचं पत्र तयारच होतं: कर्मांवाचून विश्वास मेलेला!

मला विचाराल तर (कुणी विचारलं नाही, मी वाढत होते) भांडण जुनं झालंय. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत ऑग्सबुर्गला लुथरन (प्रोटेस्टंटांमधला एक मोठा पंथ) आणि कॅथलिक मंडळींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, सत्कृत्यं त्यातून उगवतात. आमच्या घरी बातमी पोचायचीय अजून.

खरी अडचण फुकट घेण्याची आहे. संध्याकाळी शेजारच्या काकूंना करंज्या दिल्या, तर त्यांनी डबा लगेच साखर भरून परत केला. "रिकामा कसा देऊ गं?" आपण देवाशीही असंच वागायला बघतो.

आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या येशूजन्माच्या गोष्टीतले ते मेंढपाळ! ना उपास, ना नवस, रात्रपाळीला कळप राखत बसलेले. तारणारा जन्मल्याची बातमी पहिली त्यांना. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या मागी लोकांनी (पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी) बाळ येशूला सोनं, ऊद, गंधरस नेलं. मेंढपाळांनी काही नेल्याचं लूक सांगत नाही. हात हलवत गेले असावेत, आणि येताना देवाचं गुणगान करत आले.