बी३५० बोर्डावर रायझन ५६०० बसवताना

गेमिंग पीसी मंदावला की आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुधा ग्राफिक्स कार्ड बदलायचं ठरवूनच येतं. या मुलाचंही तसंच होतं. २०१८ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जोडून घेतलेला पीसी: रायझन फाइव्ह १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम आणि नंतर घातलेलं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर १४४ हर्ट्झचा. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये एरवी सेकंदाला १३० च्या आसपास फ्रेम मिळायच्या, पण चकमक सुरू झाली, दोन-तीन स्मोक (धुराचे पडदे) पडले, की ७५-८० वर घसरायच्या. "दादा, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४५ टक्केच दिसतोय. म्हणजे कार्डच कमी पडतंय ना?"

त्या ४५ टक्क्यांनी भलेभले फसतात. १६०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, आणि तो आकडा बाराही थ्रेडचा मिळून असतो. गेमचा मुख्य थ्रेड मात्र एका वेळी एकाच कोअरवर चालतो. तो भरला की बाकीचे रिकामे असून उपयोग नाही. बघायचं ते कार्डाकडे. इथे कार्ड ५५ टक्क्यांवर होतं. ९५ च्या पुढे असतं तर मुलाचं म्हणणं खरं ठरलं असतं. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, फ्रेम तेवढ्याच राहिल्या. कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलं होतं.

केस उघडली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, आणि बाहेरून जोडून आणलेल्या कितीतरी पीसींमध्ये मी ती बघतो. दोन्ही रॅम शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये, म्हणजे प्रोसेसरशी जोडणाऱ्या दोनपैकी एकाच चॅनेलवर. वर बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग, बंद, त्यामुळे ३००० ची रॅम २१३३ वर चालत होती. रायझनमध्ये कोअरच्या गटांना जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, म्हणून इथे दुहेरी नुकसान होतं. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हलवल्या, एक्सएमपी लावलं. पहिल्या पिढीच्या रायझनवर ३००० पुष्कळदा स्थिर राहत नाही; इथेही २९३३ वर थांबावं लागलं. एक रुपया न खर्चता सरासरी १५० च्या पुढे गेली. चकमकीतली घसरण मात्र राहिली.

त्या घसरणीचं मूळ १६०० च्या रचनेत आहे. त्यात ३-३ कोअरचे दोन गट, प्रत्येकाला ८ एमबी एल-थ्री कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी). एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटाकडचा डेटा लागला की फॅब्रिकवरून वळसा पडतो. त्याच्या जागी बसवायच्या ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबी कॅशवर, आणि कमाल वेग ३.६ ऐवजी ४.४ गिगाहर्ट्झ. दोन्ही ६५ वॅटचे. ५५०० आणि ५६००जी स्वस्तात दिसतात, पण त्यांत कॅश १६ एमबीच आहे. गेमसाठी मी ते सुचवत नाही. ५८००एक्स३डी गेममध्ये सरस, पण तो १०५ वॅटचा. या बोर्डाच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंकसुद्धा नव्हता, आणि १६६० सुपर असताना जड गेममध्ये अडसर कार्डाचाच झाला असता.

खरं जोखमीचं काम बायोसचं. बी३५० सारख्या ३०० मालिकेच्या बोर्डांवर रायझन ५००० मालिका चालवायची सोय २०२२ मध्ये आली. या बोर्डात २०१८ चं बायोस होतं. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करायचं, कारण नवा बसवला तर बोर्ड त्याला ओळखणारच नाही. आधी बोर्डावर छापलेली रिव्हिजन बघून नेमकी तीच फाइल उतरवायची. पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट, फाइल अनझिप करून ठेवलेली, पीसी यूपीएसवर. काही बोर्डांना मधलं एक व्हर्जन आधी घालावं लागतं. उत्पादकाच्या पानावर तशी सूचना असते आणि ती गाळायची नाही. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, म्हणजे एक्सएमपी पुन्हा बंद.

कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं लोडखाली चालवला. या बोर्डाच्या एएम-फोर सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्यांना नुसतं दाबून धरतं. वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारी) प्रोसेसरला कूलरला इतकी घट्ट चिकटवते की कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटचा खटका बंद असूनही प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात. पेस्ट गरम असताना चारही स्क्रू तिरप्या क्रमाने थोडेथोडे सैल केले, मागची पट्टी पडू नये म्हणून हाताने धरली, आणि कूलर डावी-उजवीकडे पिळत राहिलो. सुरुवातीला जेमतेम हलत होता. मग पेस्टची पकड सुटल्याचं बोटांना कळलं आणि तो सहज फिरू लागला, तेव्हाच उचलला. खटका वर करून १६०० काढला, सोनेरी त्रिकोण जुळवून ५६०० ठेवला. तो आपल्याच वजनाने बसला पाहिजे. दाबावा लागला तर कुठेतरी पिन वाकली आहे. ५६०० सोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर बाजूला ठेवला. १६०० चा रेथ स्पायर त्याहून मोठा आहे, तोच अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी पेस्ट लावून बसवला.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळा राहतो. रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाशी जुळवणं, चालू असतं, घाबरून बटण दाबू नये. नंतर एफटीपीएम (प्रोसेसरमधलं, सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारं टीपीएम) रीसेट करायचं का, असा प्रश्न येतो. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर आधी तो स्थगित करून रिकव्हरी की लिहून ठेवावी, नाहीतर डेटा अडकतो. इथे बिटलॉकर नव्हता. विंडोजचा पिन मात्र निकामी होतो, म्हणून मुलाला खात्याचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करूनच होकाराचा वाय दाबला.

एक्सएमपी लावलं, या वेळी ३००० वर तक्रार नाही. चिपसेटचे ड्रायव्हर नव्याने घातले. त्याच नकाशावर, त्याच सेटिंगवर सरासरी २५० च्या वर आणि चकमकीत १६० च्या खाली नाही. ७२० वर आता फ्रेम आणखी वाढत होत्या, म्हणजे ओझं कार्डाकडे सरकलं.

राहिलं विंडोज. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत १६०० नाही, ५६०० आहे. पण डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती. ती आधी नव्या जीपीटीमध्ये बदलली, मगच सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद केलं. उलट क्रमाने गेलं तर डिस्क बूटच होत नाही. त्यानंतर सिक्युअर बूट चालू केलं. ११ वर व्हॅलोरंटला ते आणि टीपीएम २.० दोन्ही लागतात, नसतील तर व्हॅन ९००१ किंवा ९००३ चा एरर देऊन गेम सुरूच होत नाही.