पाळी गेल्यानंतरचा डाग

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत अजून ऐकू येतं, "उष्णतेनं गेलं असेल अंगावरून, सब्जा घे." पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला एकदाच, अगदी फिकट डाग दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. सयाजी हॉस्पिटल असो की खासगी दवाखाना. अशा दहाजणींत साधारण नऊजणींना गर्भाशयाच्या (पिशवीच्या) अस्तराचा कॅन्सर नसतो, पण दहावी कोण ते तपासल्याशिवाय कळत नाही.

आधी योनिमार्गातून सोनोग्राफी. अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी. जाड असेल, किंवा पातळ असूनही डाग पुन्हा दिसत असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा. ओपीडीतच साधारण ३ मिलिमीटरची प्लास्टिकची नळी आत घालून अस्तराचा नमुना ओढून घेतात. थोडा वेळ पाळीसारख्या कळा येतात, बहुतेकींना भूल लागत नाही. रिपोर्टवर "नमुना अपुरा" लिहिलं असेल तर निर्धास्त होऊ नका. मग दुर्बिणीतून बघून क्युरेटिंग करावं लागतं, म्हणजे अस्तर खरवडून काढावं लागतं. आणि पॅप टेस्ट नॉर्मल आली म्हणून थांबू नका, ती गर्भाशयाच्या मुखासाठी असते.

सगळ्यात वाईट म्हणजे तुकडा न तपासता "पिशवी काढून टाका, कटकट नको" म्हणणं. नंतर रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला तर अंडाशय आणि लसीकाग्रंथी तपासायच्या राहून गेलेल्या असतात, कधी दुसरं ऑपरेशन करावं लागतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पिशवी आत तुकडे करून काढली असेल तर पेशी पोटात पसरण्याचा धोका असतो.

निदान आधी झालं तर पिशवी, मुख, दोन्ही नळ्या आणि अंडाशय एकत्र काढतात, गरजेप्रमाणे ग्रंथीही. सुरुवातीच्या, सौम्य प्रकारात बऱ्याचदा उपचार तिथेच संपतो. कॅन्सर स्नायूत खोल गेला असेल तर योनीतून रेडिएशन, पुढच्या टप्प्यात केमो.

आता टाळण्याबद्दल. पाळी गेल्यावरही चरबीत इस्ट्रोजन हे हार्मोन तयार होत राहतं आणि ते अस्तर वाढवतं. त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र उरलेलं नसतं. म्हणून वजन उतरवण्याचा फायदा खरा आहे. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्या मुलीची पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर "लग्नानंतर येईल" म्हणून सोडू नका, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी अस्तर वेळोवेळी गळू द्यावं लागतं. जवळच्या नात्यात आतड्याचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, काही घराण्यांत हे दोन्ही कॅन्सर एकत्र आढळतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असताना डाग दिसला तर गोळी मनानं बंद करू नका, तपासणी मात्र लगेच करा.